सकाळी अडतं, दुपारी चालतं: मामांच्या रेल्वेतल्या तीन ‘जळलेल्या’ मोटरींचं प्रकरण

डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात मामांचा फोन आला. तक्रार एका वाक्यात होती. “अरे, तिन्ही मोटरी जळल्या, नव्या कुठं मिळतात तेवढं सांग.”

मामा निवृत्त स्टेशनमास्तर. पुणे-मिरज लाइनवर बरीच वर्षं काढली. कोथरूडचं जोशींचं छोट्या रेल्वेचं संग्रहालय १९९८ साली सुरू झालं, ते सुरुवातीच्याच दिवसांत पाहून आले आणि तेव्हापासून हे वेड घेऊन बसलेत. गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत आठ बाय चार फुटी प्लायवर त्यांची रेल्वे आहे. एचओ स्केल, म्हणजे एकास सत्त्याऐंशी. रुळांतलं अंतर साडेसोळा मिलिमीटर. नव्या पाहुण्याला हे सांगताना मामा दरवेळी भागाकार करून दाखवतात: “आपला ब्रॉडगेज १६७६, भागिले ८७, सव्वाएकोणीस यायला पाहिजे. हे साडेसोळा म्हणजे युरोपचा गेज.” मग जरा थांबून, “चालायचंच.”

मांडणीवर विजेवर हलणाऱ्या तीन गोष्टी आहेत. एक डच पद्धतीची पवनचक्की, एक लेव्हल क्रॉसिंगचं फाटक आणि इंजिन फिरवायचं टर्नटेबल. तिन्ही मामेभावानं जर्मनीहून वेगवेगळ्या फेऱ्यांत बॅगेत घालून आणलेल्या. कंपन्यांची नावं इथं देत नाही, कारण पुढं दिसेल की त्यांचा यात काडीचा दोष नव्हता.

फोनवरच मी पहिली चूक केली. मामा म्हणाले मोटर जळली, आणि मी ते धरून चाललो. येता येता तापकीर गल्लीत उतरून कूलरची झडप हलवणारी सिंक्रोनस मोटर घेतली. मिनिटाला पाच फेऱ्या, आकारानं पवनचक्कीत बसेल अशी. घरी येऊन लेबल नीट वाचलं तर २३० व्होल्टची. नातू ज्या फळीखाली हात घालून डबे शोधतो, त्या फळीखाली घरची लाइन ओढायची? ती मोटर अजून माझ्या खणात पडून आहे. बारा व्होल्ट एसीवर चालणाऱ्या अशाच मोटरी मिळतात, पण शेवटी तीही लागली नाही.

मामांची वही

प्रकरण सुटलं ते मल्टीमीटरमुळं कमी आणि मामांच्या वहीमुळं जास्त. स्टेशनवर डायरी लिहायची सवय निवृत्तीनंतरही गेली नाही. कोणती गाडी किती वाजता कोणत्या रुळावर घेतली, कुठं घसरली, सगळं निळ्या शाईत. बिघाडांची नोंद लाल शाईत. त्यातल्या काही ओळी जशाच्या तशा:

“१४ डिसें. स. ७.४० टेबल हलले नाही. दु. २.१५ हलले, टक् टक् आवाज.”

“१५ डिसें. स. ७.३० टेबल हलले नाही. चक्की बंद, हात लावला तर गरम. दु. ३.०० टेबल ठीक.”

“१७ डिसें. दु. २.४० फाटक वर, चक्की चालू ठेवली असता टेबल अडखळते. चक्की बंद केल्यावर ठीक.”

आता हे वाचून कुणीही म्हणेल की जळलेली मोटर दुपारी कशी चालेल? कॉइल, म्हणजे आतलं तारेचं वेटोळं, एकदा गेली की गेली, तिला सकाळ-दुपार कळत नाही. वेळेप्रमाणं बदलणारा बिघाड म्हणजे बहुतेक उष्णतेचा प्रश्न. पत्र्याची खोली पहाटे थंडगार, दुपारी भट्टी. मामांच्या भिंतीवरच्या थर्मामीटरवर मी गेलो त्या दिवशी सकाळी आठला १५ अंश होते आणि अडीचला २९.

मी विचारलं, “मामा, टेबलात तेल कधी घातलंत?”

उत्तर मामींनी दिलं. “गणपतीनंतर. शिलाई मशीनचं तेल संपलं होतं, म्हणून ह्यांनी डोक्याचं खोबरेल घातलं. मी म्हटलं होतं, नको म्हणून.”

खोबरेल तेल साधारण २४ अंशांखाली गोठायला लागतं. आपल्या बाथरूममधली बाटली डिसेंबरात आपण गरम पाण्यात उभी करतो, तेच. ऑक्टोबरात घातलेलं तेल पातळ होतं, सगळ्या गिअरांत, शाफ्टच्या भोकांत छान पसरलं. थंडी पडली आणि रोज पहाटे टर्नटेबलाच्या पोटात मेणबत्ती तयार व्हायला लागली. दुपारी पत्रा तापला की वितळायची.

मामांनी हे ऐकून घेतलं आणि लाल शाईत लिहिलं: “कारण: खोबरेल (अंदाज).” कंसातला शब्द मला झोंबला, पण बरोबर होता. अजून मोजलं काहीच नव्हतं.

टर्नटेबल उघडताना

स्क्रू सोडवायच्या आधी मामींनी इडलीपात्राची एक चकती आणून दिली. अशा कामाला याहून चांगला ट्रे मी पाहिलेला नाही. एकेका खळग्यात एकेक टप्पा: पहिल्यात झाकणाचे तीन स्क्रू, दुसऱ्यात मोटरीचा क्लॅम्प, तिसऱ्यात स्प्रिंगवर बसलेली लॉकची छोटी गोळी. ही गोळी उडाली तर आठ बाय चारच्या जंगलात सापडणार नाही, म्हणून तिच्यावर वाटी पालथी घातली.

मोटर गिअरांपासून सोडवून एकटी चालवली. ६० मिलिअँपिअर घेतले, आवाज गोड, आत वीज पोचवणारे ब्रश शाबूत. मोटरीचा प्रश्न तिथंच मिटला. पुन्हा गिअरांना जोडली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आठला परत येऊन मोजलं: ३१० मिलिअँपिअर, आणि टेबल जागचं हललं नाही. त्याच दिवशी दुपारी १४० मिलिअँपिअर, टेबल फिरलं. मामांनी वहीत “(अंदाज)” खोडलं.

तेल काढायला आयसोप्रोपिल अल्कोहोल, जुना टूथब्रश, कापसाच्या काड्या आणि दातांच्या खाचांसाठी मामींची सुई. पेट्रोल आणि थिनर या कामाला लांब ठेवायचे. अशा मॉडेलांचं प्लास्टिक बहुतेक पॉलिस्टायरीन असतं, आणि थिनर त्याला चिखल करतो. खोबरेलाच्या खाली कंपनीचं मूळ ग्रीसही होतं. इतक्या वर्षांत ते सुकून चिक्कीसारखं झालेलं, आणि दोघांच्या मिश्रणात धूळ, केस आणि नकली गवताचा हिरवा भुसा. ही सगळी खरवड काढायला पाऊण तास गेला.

पण “टक् टक्” अजून होतीच. मोटरीच्या वर्मवर, म्हणजे स्क्रूसारख्या आट्यांच्या गिअरवर, एक चाक फिरतं, त्या चाकाच्या शाफ्टवर बारा दातांचा छोटा गिअर दाबून बसवलेला, आणि तो पुढं चाळीस दातांच्या मोठ्या गिअरला फिरवतो. आवाज छोट्या गिअरच्या दर फेरीला एकदाच येत होता. भिंगाखाली धरला तेव्हा दिसलं. एका खाचेत केसाएवढी चीर. शाफ्टवर गिअर ताठ बसला की ती खाच फाकते, समोरचा दात तिथं आला की आत नीट बसत नाही आणि वरून उडी मारतो. टक्. पुढची फेरी, टक्.

ही चीर खोबरेलानं पडली असं मी म्हणणार नाही. धातूच्या शाफ्टवर दाबून बसवलेला प्लास्टिकचा गिअर जन्मभर ताणाखाली असतो, आणि वर्षांनी त्याच खाचेत फाटतो. जुन्या टेपरेकॉर्डरात आणि खेळण्यांच्या गाड्यांत मी हेच कित्येकदा पाहिलंय. रोज सकाळी गोठलेल्या गिअरांवर मोटरीचा जोर पडत होता, त्यानं फार तर काम लवकर झालं. एक नक्की: अशी चीर झटपट गोंदानं बुजत नाही. या गिअरांचं प्लास्टिक गुळगुळीत, तेलकट जातीचं. गोंद वरच्या वर सोलून निघतो.

नवा गिअर शोधायचा तर माप हवं. इथं फसायची जागा आहे. चिरलेला गिअर फाकलेला असल्यानं त्याचा बाहेरचा व्यास खोटा येतो. म्हणून मी माप आधी मोठ्या गिअरचं घेतलं: व्यास २१ मिमी, दात ४०. व्यासाला दातांच्या संख्येत दोन मिळवून भागायचं. २१ भागिले ४२, म्हणजे अर्धा. यालाच मॉड्यूल म्हणतात, दातांच्या आकाराचं माप. इथं ०.५. एकमेकांत अडकणाऱ्या दोन गिअरांचं मॉड्यूल एकच असतं, म्हणजे छोट्या गिअरचा खरा व्यास १४ गुणिले ०.५, सात मिमी. कॅलिपरवर तो ७.२ दाखवत होता. पडताळा म्हणून दोन्ही शाफ्टमधलं अंतर मोजलं. १२ अधिक ४०, ५२ चं निम्मं २६, गुणिले ०.५, म्हणजे १३ मिमी यायला हवं. आलं.

बुधवार पेठेत प्लास्टिक गिअरांचं मिश्र पाकीट मिळतं, पोरं शाळेच्या प्रोजेक्टला नेतात ते. त्यात ०.५ मॉड्यूलचा बारा दाती गिअर होताच. भोक मात्र २ मिमीच्या शाफ्टला १.९ चं. हातोडीनं ठोकून बसवला असता तर दोन वर्षांत पुन्हा तीच चीर. म्हणून २ मिमीचा ड्रिल बिट मशीनला न लावता बोटांत धरून भोकात हलकेच फिरवला, चार-पाच वेढे, बसवून पाहायचं, पुन्हा दोन वेढे. हातानं जोर दिला की जाईल आणि आपोआप फिरणार नाही, इतपत. हे शब्दांत सांगता येत नाही, दाराची कडी घट्ट आहे की अडकली आहे हे जसं हाताला कळतं तसं.

नंतर प्लास्टिकला चालणारं सिलिकॉन ग्रीस, मोहरीच्या दाण्याएवढं, फक्त दातांवर. शाफ्टच्या टोकांना शिलाई मशीनच्या तेलाचा एकेक थेंब. नवी बाटली मीच आणली आणि मामींच्या हातात दिली. आता गिअरांसकट मोटर ८० मिलिअँपिअर घेते, सकाळीही आणि दुपारीही.

टेबलाच्या मध्यभागी पुलावरच्या, म्हणजे इंजिन ज्यावर उभं राहून फिरतं त्या पट्टीवरच्या, रुळांना वीज पोचवणाऱ्या पितळी कड्या असतात. मामांनी त्या पूर्वी पॉलिश पेपरनं घासल्या होत्या. त्यानं चकाकतात खऱ्या, पण ओरखड्यांत काळं पुन्हा लवकर बसतं. शाळेच्या खोडरबरानं पुसल्या, तेवढ्यावर भागलं.

राउटरचा अडॅप्टर

पवनचक्कीची गोष्ट वेगळी निघाली.

पूर्वी तिन्ही गोष्टी गाड्या चालवायच्या जुन्या कंट्रोलरच्या मागच्या पिवळ्या टर्मिनलांवर होत्या. तिथं १६ व्होल्ट एसी मिळायची. दिवाळीच्या सुमारास उंदरांनी त्या कंट्रोलरची वायर कुरतडली. गाड्यांसाठी मुलानं पाठवलेला नवा कंट्रोलर होता, पण त्याला एसीची टर्मिनलं नव्हती. मामांनी जुन्या वायफाय राउटरचा १२ व्होल्टचा अडॅप्टर काढला आणि तिन्ही वायरी त्याला जोडल्या. त्यांचा हिशोब असा: “सोळाच्या जागी बारा दिले. कमीच दिले ना? मग जळेल कशी?”

हिशोब चुकीचा होता. पिवळी टर्मिनलं एसी देत, म्हणजे दिशा बदलत राहणारा प्रवाह. राउटरचा अडॅप्टर देतो डीसी, एकाच दिशेचा. पण हिशोब वेड्यासारखा नव्हता, कारण तिघांतल्या दोघांनी या बदलाची काही तक्रार केली नाही. टर्नटेबलाच्या डबीत एसीचं डीसी करणारा चार डायोडचा ब्रिज असल्यानं त्याला एसी द्या नाहीतर डीसी, सारखंच. फाटकाच्या कॉइलीही दोन्हीवर ओढतात. डीसीवर अडली ती फक्त चक्की, आणि म्हणून चक्कीचीच मोटर खराब असा निष्कर्ष निघाला.

चक्कीत सिंक्रोनस मोटर आहे. ती वीजेच्या लयीवर नाचते. सेकंदाला पन्नास वेळा दिशा बदलणाऱ्या प्रवाहामागं तिचं चुंबक धावतं. (जर्मनीत आणि आपल्याकडे दोन्हीकडे ५० हर्ट्झ, म्हणून वेग तोच राहिला. अमेरिकेतून आणलेली अशी मोटर इथं एक षष्ठांश हळू फिरते, कारण तिथं ६० हर्ट्झ.) डीसीवर ही लयच नाही. चुंबक एकदा झटका देऊन एका जागी चिकटून बसतं आणि कॉइल नुसती तापते.

किती तापते ते मोजलं. कॉइलचा रोध ६० ओहम. १६ व्होल्ट एसीवर मोटर ९० मिलिअँपिअर घेते, म्हणजे तारेत साधारण अर्धा वॅट उष्णता. एसीला नुसता तारेचा रोध नाही, कॉइलचं चुंबकत्वही अडवतं. डीसीला ते अडवत नाही. १२ व्होल्ट भागिले ६०, म्हणजे २०० मिलिअँपिअर, आणि उष्णता २.४ वॅट. कमी व्होल्ट देऊन पाचपट ताप. मामांनी हा गुणाकार स्वतः पुन्हा केला आणि चष्मा काढून ठेवला.

तरीही कॉइल वाचली होती. जुन्या कंट्रोलरला नवी वायर घातली, तोंडाशी रबरी बुश बसवलं, इन्सुलेशन तपासलं आणि पिवळी टर्मिनलं फक्त चक्कीला दिली. चक्की फिरली. मामींनी टाळी वाजवली. स्विच बंद करून पुन्हा चालू केला, तर उलटी फिरली. तिसऱ्यांदा सुलटी, चौथ्यांदा पुन्हा उलटी.

या जातीच्या मोटरीला दिशा कळत नाही. सुरू होताना चुंबक ज्या बाजूला आधी ढकललं जाईल तिकडं पळतं. म्हणून आत प्लास्टिकची एक पातळ जिभली असते. चुंबक चुकीच्या दिशेनं निघालं की ते जिभलीवर आपटतं आणि उसळून सुलट्या दिशेला लागतं. आमची जिभली महिनाभराच्या तापानं वाकून बाजूला झाली होती. मोटर जळली नव्हती, पण तिचा शिपाई जायबंदी झाला होता.

उलटी फिरली तर काय बिघडतं, असं मी म्हणून पाहिलं. मामेभावाला व्हिडिओ पाठवला. त्याचं उत्तर आलं की डच चक्क्या समोरून पाहिल्यावर घड्याळाच्या उलट दिशेनं फिरतात आणि शेजारचा जर्मन माणूस हसेल. शेजारचा जर्मन पुण्यात येणार नव्हता, तरी मामांनी ऐकलं नाही.

नवी जिभली श्रीखंडाच्या डब्याच्या झाकणातून कापली. हे झाकण पॉलिप्रॉपिलीनचं असतं, हजार वेळा वाकवलं तरी तुटत नाही. सुट्टं प्लास्टिक भरपूर होतं म्हणून पाच कापल्या. पहिल्या दोन फार कडक झाल्या, चुंबक त्यांवर अडकूनच बसलं. तिसरी बसली. वीस वेळा बंद-चालू केलं, वीसही वेळा बरोबर दिशा.

फाटक

तिघांत खरंच काही जळलं असेल तर ते इथं. फाटकाला दोन कॉइली असतात, एक वर ओढते, एक खाली. त्यांना वीज क्षणभर द्यायची असते, म्हणून मूळ सेटमध्ये दाबायची बटणं येतात. बटणं लहान आणि मामांची बोटं जाड, म्हणून त्यांनी मागं कधीतरी घरचा टिकटिक स्विच बसवला. म्हणजे दोन्हीपैकी एक कॉइल कायम चालू. शाबूत कॉइल १४ ओहम. १२ व्होल्टवर पाऊण अँपिअरच्या वर प्रवाह आणि दहा वॅट ताप, नखाएवढ्या तारेत. खाली ओढणारी कॉइल आतून तुटलेलीच निघाली आणि नाकाशी नेली तर वार्निश जळाल्याचा वास.

१७ तारखेची लाल नोंदही इथंच उलगडली. अडॅप्टर एक अँपिअरचा. फाटक वर असताना एकटी कॉइलच जवळजवळ सगळा प्रवाह खात होती, वर चक्कीचे २०० मिलिअँपिअर. त्यात टर्नटेबलनं हात पुढं केला की अडॅप्टरचा हिरवा दिवा लुकलुकायचा, म्हणजे तो स्वतःला बंद करून पुन्हा सुरू होत होता. चक्की बंद केली की टर्नटेबलाला जागा मिळायची.

कॉइल गुंडाळायचा उत्साह मला नव्हता. नऊ ग्रॅमचा छोटा सर्व्हो, म्हणजे सांगितलेल्या कोनापर्यंत फिरून थांबणारी मोटर, घेतला, त्याच्या हाताला दांडी जोडली आणि तो चालवायला तयार मिळणारा सर्व्हो टेस्टर लावला. फाटक आता झटक्यात न पडता सावकाश खाली येतं, खऱ्या गेटमनच्या हातानं यावं तसं. मामांना ते फार आवडलं. नुसतं फाटक खालीवर करत दहा मिनिटं उभे होते.

अडॅप्टरवर आता टर्नटेबल, आणि बाराचे पाच व्होल्ट करणाऱ्या छोट्या कन्व्हर्टरमधून सर्व्हो. चक्की एकटी एसीवर. वायरींना मामींनी रंगीत लोकर बांधली, लाल आणि पिवळी.

एक गोष्ट राहिलीच. टर्नटेबलाला सहा रूळ येतात. चौथ्यापाशी लॉकची खाच इतकी झिजलीय की पूल अर्धा मिलिमीटर अलीकडं थांबतो आणि इंजिनाचं पुढचं चाक चढत नाही. ती खाच भरून पुन्हा कोरायची तर पूल ज्या गोल वाटीत फिरतो ती सगळी काढावी लागेल, आणि वाटी खाली प्लायला चिकटवलेली आहे. मी म्हटलं उन्हाळ्यात करू.

जानेवारीत गेलो तेव्हा वही उघडी होती. निळ्या शाईत: “५ जाने. स. ७.१० तापमान १३. टेबल सुटले. चक्की सुलटी. फाटक ठीक, कुरकुर आवाज. ४ नंबर: बोटाने.”